आते

मुहर्रकच्या रुग्णालयात रात्रपाळीचा चहा तीन वाजता होतो.
मारिव्हिक साखर घालते तीन चमचे.
मी बोलत नाही. तिची शुगर मीच तपासते,
दर महिन्याला, तिच्या नावाची चिठ्ठी न फाडता.

तिनेच मला दावाओ दाखवलं,
सलाइनच्या तक्त्याच्या पाठीवर पेनाने काढून:
हा डोंगर, ही बस, हे कॉलेज,
इथं पोरं बूट पांढरे करून मगच वर्गात शिरतात,
इथं मी सुई टोचायला शिकले,
आधी पपनसाला, मग मैत्रिणीच्या दंडाला.

मी मिरजेत शिकले.
आम्ही उशीला टोचायचो.

मनामात सोनाराच्या दुकानावर एजंटची खोली.
गुळगुळीत कागदावर नारळाची झाडं,
झाडांखाली ॲप्रन घातलेली, सगळ्या रंगांची हसरी पोरं.
'अमेरिकन पद्धत, मॅडम. सगळं इंग्रजीतून.
डोनेशन नाही. फी सहामाहीला.
आधी बी.एस., मग एम.डी.'
मायदेशी परतल्यावरच्या परीक्षेचं विचारलं
तर त्याने एसी वाढवला.

नवऱ्याने पाकिटाच्या पाठीवर
दिनार, पेसो, रुपये एकाखाली एक मांडले.
सांगलीच्या कॉलेजने नुसत्या खुर्चीचे जेवढे मागितले
तेवढ्यात तिकडे अख्खी डॉक्टर होत होती.
त्याने तीनदा ताळा केला. मग पाकीट नीट घडी करून
बायबलात ठेवलं, वीजबिलं ठेवतो तिथेच.

शुक्रवारी चर्चमध्ये (आमचा रविवार इथे शुक्रवारी येतो)
मी मारिव्हिकला सांगितलं, सुकृपाचं नक्की झालं.
ती हसली, आणि मग बराच वेळ हसलीच नाही.
'गंमत बघ,' म्हणाली,
'आमच्याकडे शिकायचं ते बाहेर जाण्यासाठी.
माझ्या वर्गातल्या चाळीसजणींपैकी तिकडे चार उरल्या,
त्यातल्या दोघी शिकवतात.
तुझ्या पोरीला शिकवतील बघ त्या.'

बॅग तीस किलोची.
ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, माझा जुना स्टेथोस्कोप
मिळून अकरा.
उरलेले एकोणीस मारिव्हिकचे:
साबण, चॉकलेटं, आईची गुडघ्याची गोळी,
आणि बियांकाचे लाल बूट.
बियांका सात वर्षांची. हिने पाहिली तेव्हा चारची होती.
आजीने कागदावर पाऊल आखून फोटो पाठवला होता,
पण फोटोत पाऊल केवढं ते कळत नाही.
दुकानात मारिव्हिक आपल्या तळहातावर बूट ठेवून
डोळे मिटून उभी राहिली.
'एवढेच,' म्हणाली.

विमानतळ आमच्या खिडकीतून दिसतो.
सुकृपा 'जाते' म्हणाली नाही, 'येते' म्हणाली.
एवढं मराठी तिच्यात उरलंय.

आता ती दर रविवारी मारिव्हिकच्या आईकडे जेवते.
सकाळी भात, दुपारी भात, रात्रीही भात,
माझं ज्वारीचं पोर कुरकुरतं आणि दोनदा वाढून घेतं.
बियांका तिला 'आते' म्हणते.
मी दचकले. आपल्यात आते म्हणजे बापाची बहीण,
तिकडे मोठी ताई.
'मग काय झालं,' सुकृपा म्हणाली,
'मला इथे दोन्ही व्हावं लागतं.'

मग आवाज खाली आणून:
'आई, बूट झाले नाहीत गं.
दोन बोटं लहान. अंगठाच आत जाईना.
मी तसलेच लाल बाजारातून घेऊन दिलेत, फीतले नाहीत, माझ्या खर्चातले.
मावशीला सांगू नकोस.'

पहाटे तीन. आठ नंबरच्या खाटेवरचे आजोबा
झोपेत कुणाला तरी अरबीत रागावत होते.
मारिव्हिकने कप पुढे ओढला, विचारलं,
'बूट बसले?'

'बसले,' म्हटलं. 'पळत होती म्हणे घरभर.'

तिने तीन चमचे घातले.
मग चौथा उचलला, माझ्याकडे बघत.
मी तोही घालू दिला.