अंगठ्याएवढी जागा

अकरा स्क्रू. त्यातल्या एकाचं डोकं झिजलेलं,
रबरबँड मध्ये धरून फिरवावा लागला.
पांढरं झाकण उचललं तर आत
एवढंसं पोट, पिळलेल्या तारा,
आणि घाईत जेवण उरकावं तसे दिलेले डाख.

साडेपाच हजारांची गिटार, तीही जुनी,
पलासियाच्या एका कॉलेजकुमाराकडून घेतलेली.
हृषी म्हणाला, नवी घेऊ का, चाळीसची आहे एक.
मी म्हटलं, आधी ही इकडे दे.
गेल्या गणपतीत सुदामानगरच्या स्टेजवर
लायटिंगच्या माळा पेटल्या की हिच्यातून
भुंगा अडकल्यासारखा घूं यायचा.
गाणं कमी, घूं जास्त,
असं पहिल्या रांगेतल्या काकूंनी सांगितलं,
ज्यांना गाण्यातलं कळतं.

मला गाण्यातलं कळत नाही.
सा कुठला तेही विचारून घ्यावं लागतं.
पण तारेतून काय जातं, कुठे गळतं,
ते कळतं. बाबा मालवा मिलमध्ये मोटारी बांधायचे
आणि सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसवून
माझ्याकडून वेढे मोजून घ्यायचे.
चुकलीस तर पहिल्यापासून, म्हणायचे,
रागाने नव्हे,
तांब्याला खोटं चालत नाही म्हणून.

महाराणी रोडवर पॉट मिळाले, अडीचशे किलोओहमचे,
आणि एक कपॅसिटर, हिरवा, पिस्त्याएवढा.
पिकअप मात्र सियागंजला इद्रीसभाईंकडे नेले.
उघड्या पंख्यांच्या ढिगातून वर बघत ते म्हणाले,
बेन, ये तार है के वहम है?
बेचाळीस नंबर. श्वास लागला तरी तुटते.
तीन दिवस त्यांनी दुकानातला पंखा बंद ठेवला,
पंखे दुरुस्तीच्या दुकानातला, मे महिन्यात,
आणि एकेका पिकअपवर आठ आठ हजार वेढे घातले.
पैसे विचारले तर म्हणाले,
बजेगा तो सुना देना एक बार.
मग पैसेही घेतले. साडेसातशे.

घरी आल्यावर कल्हई. म्हणजे
तारेच्या टोकाला आधी कथील पाजायचं,
मग राळेचा धूर, मग एक चकाकता थेंब,
हात थरथरला तर वाया.
लहानपणी गल्लीत कल्हईवाला
तापल्या पातेल्यात नवसागर टाकायचा.
तो वास आणि हा वास एक नाहीत.
मला उगाच एक वाटतात.

मग तांब्याची पट्टी, आतून सगळीकडे,
बाहेरचा गोंगाट तिथेच अडावा म्हणून.
आणि तिथे, तळाशी, वार्निशात,
एक अंगठा.
रंग ओला असताना कुणीतरी उचलली असणार,
कुठल्या कारखान्यात, कुठल्या देशात,
दिवसातली कितवी.
रेषा इतक्या स्वच्छ
की आधार केंद्रावर चालून जाव्यात.
शेजारी पेन्सिलीने ४१७.

पट्टी मापाने कापून तयार होती.
मी पुन्हा कात्री घेतली
आणि अंगठा सोडून, बाजूने कापली.

शेवटची तार ब्रिजखाली जाते. ती अर्थिंगची.
म्हणून वाजवणाऱ्याने हात ठेवला
की घूं बसतो, काढला की उठतो.
म्हणजे मी असलो तरच ही गप्प? हृषीने विचारलं.
पाळण्यात तुझं असंच होतं, मी म्हटलं,
माझा हात पाठीवर लागायचा.

त्याने वाजवली. जाड तार आधी.
आवाज आला तो, कसं सांगू,
घासलेल्या भांड्याचा तळ दिसावा तसा.
चाळीसवालीचं नाव त्याने परत काढलं नाही.
फक्त दोन्ही हात उचलून, स्पीकरला कान लावून म्हणाला,
थोडासा आहे गं अजून. अगदी थोडासा.

असू दे, म्हटलं.
इद्रीसभाईंना ऐकवून ये आधी.
सोमवारी जा.
रविवारी सियागंज बंद असतं.