अर्धी लागते

सुरूची फांदी जालन्यात आता मिळत नाही.
मिशन कंपाउंडाच्या कडेची सगळी रांग
रस्ता रुंद झाला तेव्हा गेली.
मग पप्पा बाभळीची आणू लागले,
मोती तलावाच्या पलीकडून, सायकलच्या कॅरिअरला बांधून,
हातावर ओरखडे घेऊन.
"हिला दोरा लागत नाही," म्हणायचे,
"काट्यालाच अडकवा काय अडकवायचं ते."

ह्या वर्षी प्रबोधनं पुण्याहून खोकं पाठवलंय.
हिरवं प्लास्टिक, तीन तुकडे, अ ब क.
एकात एक खुपसले की झाड.
फांद्या मात्र हातानं उघडाव्या लागतात, एकेक,
मिटलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या,
आणि घरभर नव्या चपलांचा वास.

"पाणी घातलंस का?" मम्मी पलंगावरून.
एका डोळ्यावर आज सकाळचं हिरवं झाकण,
दुसरा आधीचाच धुरकट.
"ह्याला लागत नाही."
"काहून?"

नळ दहाव्या दिवशी यायचा,
तेव्हाही बादलीतल्या त्या तोडलेल्या फांदीला
रोजचा एक तांब्या ठरलेला होता.
तांदूळ धुतलेलं का होईना, पण तांब्या भरून.
मी लहान होते. मुळं नाहीत तिला,
मग पिते कशानं?
कुणाला विचारलं नाही.
सकाळी उठून बादलीत बोट घालायची.
पाणी खाली गेलेलं असायचं.

माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.
वरच लेथचा कीस.
पप्पा कारखान्यातून रुमालात बांधून आणायचे,
निळसर, कुरळे, लांबच्या लांब लोखंडी केस,
रॉकेलमध्ये धुतलेले,
नाहीतर मम्मीच्या पडद्याला तेलाचे डाग.
दुकानातली चमकी नुसती चमकते.
हा कापतो.
दर डिसेंबरात आमच्या बोटांना चिकटपट्ट्या असायच्या
आणि कॅरोलला टाळ्या आम्ही जपून वाजवायचो.
आता थोडा गंजलाय. हाताला तांबडं लागलं.

खाली, वर्तमानपत्रात, दिव्यांच्या माळा. तीन.
प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
सुट्या भागांना कारखान्यात बांधतात तशी,
पप्पांच्या अक्षरात:

चालू.

बंद. टाकू नये.

अर्धी लागते. बंद बाजू भिंतीकडे.

मागच्या वर्षी आम्ही झाड केलंच नव्हतं.
ऑगस्टातच ते गेले, डबा कुणी उघडलाच नाही.
म्हणजे ह्या गाठी त्यांच्याच,
त्याच्या आधीच्या जानेवारीतल्या,
तेराव्या की चौदाव्या तारखेच्या,
सण आवरताना पुढच्या वर्षाला लिहून ठेवलेल्या.

बंद माळही लावायचे ते. सगळ्यात खाली.
वीज गेली की तिघी सारख्याच दिसायच्या,
आणि वीज तर जायचीच.

मी तिन्ही लावल्या.
प्रबोधच्या झाडाला एक मोसंबंही टांगून बघितलं.
फांदी वाकली आणि तशीच राहिली.
काढल्यावरही वर आली नाही.
बाभळीची यायची, झटक्यानं, हाताला मारून.

पिन खोचली.
मम्मीनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.
"लागल्या?"
"लागल्या."
"सगळ्या?"
"हो."
"सलोमी, नाताळात तरी खोटं बोलू नये."
"चालू आहे ती लागली. दुसरी अर्धी."
"हां." ती उशीला टेकली.
"मग त्याच आहेत."

एक गोष्ट सांगितली नाही.
बटण तिच्या पलंगाशेजारी, वायर आखूड,
झाड फिरवता येईना,
त्यामुळं बंद बाजू तिच्याकडेच आली.
उद्या दहा वाजता डॉक्टर झाकण काढणार.
त्याआधी कुठूनतरी हातभर वायर आणायला हवी.
आणि हा भरलेला तांब्या
मी झाडाच्या लोखंडी पायापाशी का ठेवलाय,
असं कुणी विचारलंच, तर सांगायला
तिच्या रात्रीच्या गोळ्या आहेत.