फायनल-फायनल-तीन

रात्री पावणेबाराला सलीम तांबोळीचा फोन.
"पुन्हा निळी झाली रे. सहाव्यांदा."
कात्रजच्या उतारावर त्याचं फ्लेक्सचं दुकान,
शटर अर्धं वर, आत शाईचा वास,
निळ्या पडद्यावर दोन ठिपके आणि एक कंस
तोंड पाडून बसलेला.

वीस बाय दहाचा बॅनर,
सातच्या आत चौकात लागायला हवा.
मधोमध शिळीमकर अण्णा, खाली बावन्न चेहरे,
त्यातले तीस गॉगल घालून.
चाळिसाव्यापर्यंत सगळं ठीक,
एकेचाळिसाव्याला मशीन मान टाकतं.
"त्याचाच पायगुण," सलीम म्हणाला.
म्हटलं, माणसांवर शेवटी यायचं. आधी तारा.

हवा मारली. पंख्यातून निघाला
दोन वर्षांचा सातारा रोड.
तापमान बासष्ट, म्हणजे सभ्य.
पॉवर सप्लाय माझ्या पिशवीतला लावून पाहिला,
तरी सातव्यांदा निळी.
मग मेमरी. दोन पट्ट्या.
एक जुनी, हिरवी, मशीनसोबत आलेली,
दुसरी गेल्या महिन्यात तपकीर गल्लीतून आणलेली,
लाल, अंगावर दिवे.
सलीमच्या पोरीच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन
सोनेरी दात घासले दोघींचे,
खटकन बसवल्या,
चाचणी लावली.

आता काम तिचं.
प्रत्येक घरात काहीतरी ठेवायचं,
पुढं जायचं, परत येऊन विचारायचं,
काय ठेवलं होतं?
बास, एवढंच. अब्जावधी घरं.

आम्ही फ्लेक्सच्या रिळावर बसलो.
सलीम सांगत होता, फोटो गेल्या वर्षीचाच आहे,
वाढदिवसाचा. फेटा काढला, गंध ठेवलं.
मागचं गुलाबी आभाळ राखाडी केलं.
हसू काही पुसता येईना,
दात दिसतात ना, पुसलं की माणूस बदलतो.
"तेव्हाचे सातशे राहिलेत त्यांच्याकडं,"
आणि थोड्या वेळानं, "होते."

सव्वाला लाल ओळ आली.
एका घरात ठेवलं होतं शून्य,
त्यानं सांगितलं एक.

हिरवी एकटी तपासली, पास.
लाल एकटी, पास.
दोघी मिळून चुकतात.
सेटिंग उघडलं तर वेग बत्तीसशे,
लालच्या खोक्यावर छापलेला,
आणि कुणीतरी एक बटण दाबून
हिरवीलाही त्याच चालीनं जुंपलेलं.
कुणी दाबलं?
सलीमनं छताकडं पाहिलं.
"व्हिडिओत सांगितलं होतं, फास्ट होतं म्हणून."

चोवीसशेवर आणलं. हिरवीला झेपेल इतकं.
लालचे दिवे तसेच लागत राहिले,
तिला काही कळलंही नाही.
पुन्हा चाचणी, पुन्हा चहा,
सलीमची जांभई, माझी जांभई,
चारला एकही लाल ओळ नाही.

फाईल उघडली. एकोणचाळीस. चाळीस.
पंख्याचा आवाज चढला. आम्ही दोघं गप्प.
एकेचाळिसावा आला,
बारीक मिशीचा, अण्णांचा धाकटा भाचा,
आला आणि बसला जागेवर, गरीब बिचारा.
मग बाकीचे भराभर.
सलीमनं नाव दिलं फायनल-फायनल-तीन
आणि प्रिंटर इकडून तिकडं जाऊ लागला.

पाच वाजता जमिनीवर अंथरून पाहिलं.
अण्णा, आभाळ, तारखा, सगळं चोख.
बावन्न चेहऱ्यांच्या डोक्यावर
मोठ्या पिवळ्या अक्षरांत
शुभेच्छुक.

रात्रभर आम्ही घराघरात विचारत होतो
काय ठेवलं होतं म्हणून.
सलीम मटकन खालीच बसला, अण्णांच्या खांद्यापाशी.
हसावं की काय करावं.
मशीन मात्र गुणगुणत होतं,
इतकं स्थिर कधीच नव्हतं.

दुसऱ्या छपाईला वेळ नव्हता.
एक काळी पट्टी छापली, शोकाकुल,
कडेला गोंद, वर माझी टाच.
साडेसहाला पोरं टेम्पोतून घेऊन गेली.

घरी जाताना चौकात थांबलो.
अण्णा वर, हसत.
मागून ऊन आलं होतं,
आणि पट्टीखालचं पिवळं
पुसटसं दिसत होतं.