रंग कुठे निघतो

पोस्तोयनाच्या बाजूला नद्या चालता चालता
जमिनीच्या पोटात शिरतात.
तिथे मिलोयकाने तीस वर्षं नोकरी केली:
विवरात हिरवा रंग ओतायचा
आणि डोंगरापलीकडच्या झऱ्यांवर
बाटल्या घेऊन बसायचं.
कधी चार दिवस. कधी अकरा.
एकदा रंग निघाला तो अशा झऱ्यातून,
जिथे कुणालाच बसवलं नव्हतं.

हे ती मला सांगते
दंडात सुई असताना.

तिच्या रक्तात चुना वाढलाय.
दोनदा मुतखडा, एकदा मनगट.
बर्फावर घसरून नाही,
लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना.
हाडं आतून विरताहेत तिच्या त्या डोंगरांसारखी,
थेंबाथेंबाने, आवाज न करता,
आणि हे करतेय कोण, तर
गळ्यातली एक इवलीशी ग्रंथी,
जिला 'पुरे' हा शब्द कळत नाही.

अशा चार असतात. तीन निजल्यात.
चौथी सापडत नाही.

जुन्या यंत्रावर दोनदा पाहून झालं.
आधी सगळा गळा उजळतो,
मग दोन तास थांबायचं.
बाकीचं मांस औषध सोडून देतं;
धरून ठेवते ती आपली.
मिलोयकाच्या चित्रात
कुणीच काही धरून ठेवलं नव्हतं.
अहवालात लिहिलं: आढळत नाही.
"आहे," ती म्हणाली होती,
"तुम्ही चुकीच्या झऱ्यावर बसलाय."

आता नवं द्रव्य आलंय.
ऑस्ट्रियातून, आल्प्सच्या बोगद्यातून
शिशाच्या डब्यात बसून येतं,
आणि वाटेतच विझत जातं.
एकशेदहा मिनिटांत निम्मं, मग त्याच्या निम्मं.
बोगद्यापाशी रांग लागली की बोश्त्यान शिव्या घालतो
आणि मी दिवसभराचा तक्ता पुन्हा मांडते.

माझं काम तसं लहान.
कितव्या मिनिटाला पाहायचं?
पाचव्याला घाई होते,
शेजारची थायरॉईड आपलाच दिवा पुढे करते.
साठाव्याला बरं. काहींना त्याहून उशिरा.
वहीत त्रेचाळीस गळे आहेत, पेन्सिलने.
मानेखाली टॉवेलची गुंडाळी किती जाड हवी,
'गिळू नका' कुठल्या सुरात सांगायचं
(धाक दाखवला की माणूस हमखास गिळतो,
आणि गिळलं की दाणा पुसतो),
हे कुठल्या शोधनिबंधात येत नाही.

आज मी टेबल
नेहमीपेक्षा वीतभर जास्त सरकवलं.
कारण विचाराल तर, तिचं ते वाक्य.

गळा स्वच्छ.
थायरॉईड फिकट, शहाण्यासारखी.
आणि खूप खाली, छातीच्या हाडामागे,
महाधमनीच्या कमानीला टेकून
तांदळाचा एक दाणा जळतोय.

गर्भात असतानाच निघाली असणार ती,
वरून खाली, सगळ्यांबरोबर,
आणि बाकीच्या थांबल्या तिथे
हिला कुणी हाक मारली नाही.
एकसष्ट वर्षं हृदयाशेजारी बसून
गळ्याचं काम करत राहिली.
जरा जास्तच.

बोश्त्यान काचेपलीकडून माझ्याकडे बघतो.
आम्ही दोघंही काही बोलत नाही.

मी टॉवेल काढते. तिला उठायला हात देते.
"निघाला का रंग?" ती विचारते.
नियम असा, की मी सांगायचं नाही.
"डॉक्टर सांगतील," मी म्हणते,
बुधवारी, साडेदहा वाजता.

ती कोट घालत नाही लगेच.
माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहते,
झऱ्याच्या पाण्याने भरलेली बाटली
उजेडात धरून पाहावी तशी.