राखुंडे विरुद्ध घोरपडी

परळीहून अंबाजोगाई, घाट धरून पाऊण तास.
एसटीत आम्ही अकरा, दोन राखीव,
आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाळीत घातलेला फुटबॉल,
टरबुजासारखा.
सत्त्याऐंशी साल. कॉलेजांची स्पर्धा, उपांत्य सामना.

आमच्या गावाला तेव्हा राख होती.
थर्मलच्या चिमणीतून रात्री सुटायची,
दोरीवरच्या बनियनवर, दह्याच्या सायीवर,
वहीच्या समासात.
आई जर्सी दगडावर आपटायची, आपटायची,
पांढरी काही पांढरी व्हायची नाही.
बन्सी गुट्टेनं बॉल छातीवर घेतला
तेव्हा जर्सीतून धूर निघाला.
खोटं नाही. एवढासा,
बिडीचा निघतो तेवढा.

रेषेबाहेर गयाबाई उकडलेल्या शेंगा विकत बसलेली.
हाफटाइमला बन्सीनं टोपल्यात हात घातला
तशी ती कडाडली,
"ए राखुंड्या! आधी हात धू की मेल्या!"
बास.
दुसऱ्या हाफला चारशे पोरं एका सुरात:
रा-खुं-डे, रा-खुं-डे.
पुढं त्यांचे मराठीचे प्राध्यापक सांगत फिरले
की नाव मीच दिलं, त्यात रूपक आहे.
रूपक कसलं.
शेंगा होत्या, रुपयाला दोन मापं.

आता घोरपडीचं.
अंबाजोगाईवाले सांगतात,
घोरपड कड्याला चिकटली की सुटत नाही,
तसा आमचा बचाव, म्हणून आम्ही घोरपडी.
स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत छापलंय तसं.
मी तिथं होतो.

सत्तरावं मिनिट.
बोरीच्या जाळीतून ती निघाली,
पेन्शन आणायला निघालेल्या माणसासारखी, सावकाश,
आणि दोन खांबांच्या मध्ये येऊन बसली.
गोलकीपर वाजेद काझीनं तिला पाहिलं
आणि थेट कॅन्टीन गाठलं.
बन्सीला मोकळा गोल दिसला, घोरपड दिसली नाही.
मारला.
बॉल तिच्या पाठीवर आदळून जागीच थांबला.
तिनं जीभ बाहेर काढली, आत घेतली.

रेफरी मुख्तार सर.
हैदराबादहून आणलेलं नियमांचं उर्दू पुस्तक
त्यांनी उन्हात उभं राहून पान न् पान चाळलं.
कुत्र्याबद्दल दोन ओळी सापडल्या.
"बच्चों," ते म्हणाले, "मसला पेचीदा है."
शून्य-शून्य.
नाणेफेकीत आम्ही गेलो.

परतीच्या गाडीच्या खिडकीतून आमच्यातलं कुणीतरी ओरडलं,
"तुमचा गोलकीपर चार पायांचा! घोरपडी! घोरपडी!"
शिवीच होती ती.
पुढच्या वर्षी त्यांनी ती जर्सीवर छापून आणली,
हिरवीगार, नसलेले सुळे दाखवणारी.
शिवीचं असंही करता येतं
हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.
मग आम्हीही. सामन्याआधी
प्रत्येकाच्या कपाळाला चिमूटभर राख.
घरून आणावी लागायची नाही,
बाही झटकली की पुरे.

आता त्या जुन्या चिमण्यांतून काही निघत नाही.
माझा धाकटा त्याच संघात, लेफ्ट हाफ.
पोरं दुकानातून राखाडी पुडी आणतात,
पन्नास रुपयांची, वर लिहिलेलं: सुगंधी.
विचारलं, राखुंडे का म्हणतात रे तुम्हाला?
"पप्पा, तो फिनिक्स असतो ना, राखेतून उडणारा."
गयाबाईचं सांगणार होतो.
पण बॅनर छापून आलं होतं,
आणि पंख फार मोठे होते.

वाजेद भेटतो, महिन्यातून एकदा,
शुगर तपासायच्या रांगेत.
मी म्हणतो, ती रेषेच्या आत होती, गोल आमचा.
तो म्हणतो, बाहेर. शेपूट फक्त आत.
"तुला काय ठाऊक? तू कॅन्टीनमध्ये होतास."
मग तो गप्प.
आतून त्याचं नाव पुकारतात.
सुईसाठी बोट आधीच पुढं धरून उठतो,
दारात थांबतो.
"पळालो नव्हतो रे,
तिला जागा करून दिली."