नोव्हेंबरचं पत्रक

हजेरीपत्रकं वीस तारखेच्या आत.
वीस म्हणजे वीस.
एकविसाला माझ्या टेबलाशी येऊन तोंड पाडायचं नाही.

फ्रीजमधला निळ्या झाकणाचा डबा
ज्याचा असेल त्याने न्यावा. आत काय होतं
ते आता सांगण्यासारखं राहिलेलं नाही.

बारा वर्षं मी हे पत्रक काढते आहे,
नेब्रास्काच्या पश्चिमेला, वाळूच्या टेकड्यांत,
जिथे गवत दाट आणि माणसं विरळ.
एकोणीस शाळा, आणि त्यांच्यामधून फिरणारे आमचे लोक :
ऐकू न येणाऱ्या मुलांची शिक्षिका,
तोतऱ्या जिभांना धीर देणारा एकजण,
आणि एक मानसशास्त्रज्ञ, ज्याचा निम्मा जन्म
स्टिअरिंगमागे सरला.

बातम्या. थिया लिंडक्विस्टला जुळ्या मुली झाल्या.
नव्या आलेल्या ॲन्सेलला बर्फावर गाडी चालवता येत नाही,
सांभाळून घ्या.
फ्लूची लस गुरुवारी. सैल बाहीचा शर्ट घाला.

वाचतं कोण?
मागे एकदा तिसऱ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात
मी लिहिलं होतं : इथवर आलात तर
माझ्याकडून एक डॉलर घेऊन जा.
डॉलर ड्रॉवरमध्ये पडून राहिला,
रबरबँड आणि टाचण्यांच्या संगतीत.
दोन आठवड्यांनी टपालाच्या पिशवीतून
पत्रकच परत आलं, लाल पेन्सिलीने भरलेलं.
सात स्वल्पविराम. दोन स्पेलिंगं.
समासात, जुन्या वळणाच्या अक्षरात :
डॉलर माझा. आणि जेवणाला पाय कोण आणणार आहे
ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

मग ऑक्टोबरात हिशेब तपासला गेला.
गाडी क्रमांक चार, दर गुरुवारी
बावीस मैल जास्त.

डेलमार व्होपाट, ब्रेलची पुस्तकं पोचवणारा,
कानाच्या यंत्रांच्या बॅटऱ्या, सह्यांचे कागद पोचवणारा,
टोपी हातात फिरवत उभा राहिला.
प्लम क्रीकची शाळा, म्हणाला.
ती बंद पडून पंधरा वर्षं झाली, डेलमार.
शाळा बंद पडली, म्हणाला, बाई शेजारीच राहतात.
एक्याण्णव वर्षांच्या आहेत.
त्यांनी मला वाचायला शिकवलं.
आता त्यांना वाचायला काही नको?

आणि मग जरा ओशाळून :
त्यांना तुझं पत्रक आवडतं, आर्लिस.
म्हणतात, बाई चांगली लिहिते,
पण घाई करते.

संचालक म्हणाल्या, सगळ्यांना आठवण करून द्या :
ठरलेला रस्ता सोडू नये.
मी लिहिलं. शब्दाला शब्द.
मग मैलांच्या तक्त्यात, कारणाच्या रकान्यात,
मी माझ्या हाताने भरलं : मुद्रितशोधन.
आणि खाली सही केली.

त्यांनी कागद बराच वेळ धरून ठेवला.
बाहेर कोणीतरी झेरॉक्सच्या मशीनवर हात आपटत होतं.
किती चुका सापडतात?
महिन्याला नऊ-दहा.
फारच होतात, म्हणाल्या,
आणि पान उलटलं.

तर. बर्फ सुरू झालाय.
गाडीत फावडं ठेवा, जाड घोंगडी, प्यायचं पाणी.
मुक्कामी पोचलात की फोन करा, कितीही उशीर झाला तरी.
डेलमार, तूसुद्धा.
वीस तारखेच्या जेवणाला पाय मी आणणार आहे,
सफरचंदाचा. हे आधीच लिहायला हवं होतं.
डबा अजून फ्रीजमध्येच आहे.

या अंकात एक चूक मुद्दाम ठेवली आहे.
बाकीच्या माझ्या.