पाचवा चौकोन

ताप चार दिवसांचा होता.
पाचव्या दिवशी मी वरणभात खाल्ला,
आईने उशीचा अभ्रा धुऊन टाकला
आणि सगळ्यांच्या हिशेबी प्रकरण मिटलं.

नाना पेठेतल्या आमच्या मैदानामागे
ट्रकचे दोन टायर पडलेले असायचे.
कमरेला दोरी बांधून आम्ही ते ओढायचो उन्हाळाभर,
मांड्या भराव्यात म्हणून.
भाद्रपदात त्यांत पाणी साठलं, डास झाले,
नऊपैकी पाच जणी एकाच आठवड्यात आडव्या.
बहिरट सर म्हणाले, टायरनेच बाद केला गं सगळा संघ.
तेव्हा हसलो होतो.

ऋजुता महिन्याभरात पळायला लागली.
निम्हणांची धाकटी तर पंधरा दिवसांत.
मीच का, ते कोणी सांगत नाही.
रास्ता पेठेतले डॉक्टर कागद उलटेपालटे करतात:
रक्त चांगलं आहे, सूज नाही,
चिकनगुनिया केव्हाच गेला,
सकाळी थोडं चालत जा.
चालत!
अडीच मिनिटं एकेरी साखळी पळणाऱ्या बाईला.

पहाटे घोटे माझे नसतात.
दुधाची पिशवी दातांनी फोडते.
पीएमटीत चढताना दांडा दोन्ही हातांनी धरते,
मागचा म्हणतो, चला मावशी, आटपा.
मी सव्वीस वर्षांची आहे.

दहापर्यंत सांधे सैल होतात,
म्हणून तर कोणाला खरं वाटत नाही.
संध्याकाळी मैदानात मी अगदी ठीक दिसते.
पहिले चाळीस सेकंद तर पूर्वीचीच.
मग गुडघ्यात कोणीतरी
वाळू ओतायला घेतं, मुठीमुठीने.

पाचव्या चौकोनात बसायचे मी.
एक पाय पुढे, बोटं मातीला टेकलेली.
पाठीवर थाप पडायच्या आत उठलेली असायचे.
सर म्हणायचे, हिला खो ऐकू येत नाही, हिला वास येतो.
आता थाप पडते, आवाज येतो,
मी उठते,
म्हणजे उठायचं ठरवते,
आणि ठरवणं नि उठणं यांच्या मधून
एक पळती मुलगी आरामात निघून जाते.

खेळ साधा आहे.
जो खो देतो, तो तुमच्या जागी बसतो.
तीन वर्षांपूर्वी, त्या भाद्रपदात,
कुणीतरी माझ्या पाठीला हात लावला.
मी उठले, बरी होत धावत सुटले,
मागे वळून पाहायचा नियमच नाही.
तो तिथेच बसलाय अजून,
माझ्या चौकोनात, माझ्यासारखीच बोटं टेकून,
कसलीही घाई नसलेला.

यंदा सरांनी नावं वाचली.
शेवटचं नाव वाचून कागदाची घडी घातली,
पुन्हा उघडली, पुन्हा घातली.
मग माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं.
दाबताना अंगठा दुखतो. सांगितलं नाही.

निम्हणांची धाकटी आत शिरली.
एक मिनिट. सव्वा.
खांबाला वळसा घालून ती माझ्यासमोरून गेली,
चुन्याच्या रेषेवर टाचा वाजल्या,
आणि मी, प्लास्टिकच्या खुर्चीतून,
उठलेली होते.

तेवढ्यात शिट्टी. ती बाद.
सर ओरडले, किती झाले?
मी हातात पाहिलं.
आकडे अजून पळत होते.